शेजाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी

पनवेलचं औषधाशी नातं जुनं आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे धूतपापेश्वरची स्थापना केली आणि पनवेलची आसवं, अरिष्टं, भस्मं घरोघरच्या फडताळांत जाऊन बसली. पुढे नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन उभं राहिलं. तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरच्या समाजवाद्यांनी देवाचं नाव न घेता खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम केलं. १९९९ साली पास्टर के. एम. फिलिप यांनी सील आश्रम सुरू केला. रस्त्यावर, फलाटावर, पुलाखाली सापडलेली माणसं तिथे आणली जातात. कुणाच्या जखमेत किडे पडलेले असतात, कुणाला स्वतःचं नावही आठवत नसतं. त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, औषधोपचार करायचे आणि बोलती झाली की त्यांच्या घरचा पत्ता शोधायचा, असं ते काम आहे.

हे काम पनवेललाच का उभं राहिलं, याचं उत्तर नकाशात आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात, गोव्याचा रस्ता इथून फुटतो, पुण्याचा इथून निघतो, कळंबोलीला देशभरचे ट्रक येऊन उभे राहतात. वाट चुकलेला माणूस वाहत वाहत अशाच ठिकाणी येऊन पडतो. शेकडो प्रवासी त्याला ओलांडून जातात. मग एखादा थांबतो. तो का थांबतो, हा या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि आरोग्य यांवरच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठी संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी कां-कू केली. मी ख्रिस्ती नाही. शिवाय ‘श्रद्धेने आरोग्य लाभतं’ असं म्हटलं की डोळ्यांपुढे मांडव, ध्वनिक्षेपक आणि कुबड्या फेकून देणारी माणसं उभी राहतात. हस्तलिखित वाचल्यावर शंका पुष्कळशी फिटली. डॉक्टर, परिचारिका, पाळक, धर्मगुरू, समुपदेशक आणि काही रुग्ण यांनी मिळून लिहिलेल्या या लेखांत चमत्काराची जाहिरात नाही. चमत्कारावर विश्वास असलेली माणसं मात्र आहेत, आणि त्यांना बोलू दिलं आहे. ते योग्यच झालं.

हा विषय नव्याने वाचणाऱ्याला सगळ्यात आधी अमेरिकेतले आकडे भेटतील, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २०१६ साली हार्वर्डच्या टायलर व्हँडरवील आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक अमेरिकन परिचारिकांची सोळा वर्षांची माहिती त्यांच्या हाती होती. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. याच परिचारिकांच्या माहितीवरून असंही दिसलं की नियमित उपासनेला जाणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कितीतरी कमी आहे. शंकेखोर वाचक लगेच विचारेल की आजारी माणूस चर्चला जाऊच शकत नाही, मग हा हिशोब उलटा तर नाही ना? संशोधकांनी ती शंका धरूनच गणित मांडलं होतं. आधीची प्रकृती, वय, उत्पन्न, सवयी हे सगळं लक्षात घेऊनही फरक उरला.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. या क्षेत्रातल्या अभ्यासांत लाभ दिसतो तो मुख्यतः एकत्र जमण्याशी जोडलेला. घरी बसून एकट्याने केलेल्या प्रार्थनेशी किंवा ‘मी फार धार्मिक आहे’ या उत्तराशी त्याचा संबंध फार फिका आहे. लाभाच्या वाटा शोधल्या तेव्हा हाती आलं ते असं: माणसांचा आधार, कमी धूम्रपान, कमी नैराश्य, पुढच्या दिवसाबद्दल थोडी अधिक आशा. यात गूढ काही नाही. रविवारी ठरलेल्या बाकावर आजी दिसली नाही तर दुपारी कुणीतरी तिच्या दारात उभं राहतं. मधुमेहाची गोळी संपली आहे हे मुलाच्या आधी चर्चच्या मंडळीतल्या बाईला कळतं. समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम याने १८९७ साली आत्महत्येवरच्या ग्रंथात हाच धागा पकडला होता. प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिकांमध्ये आत्महत्या कमी का, याचं उत्तर त्याने धर्ममतांत शोधलं नाही, माणसं एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यात शोधलं.

प्रार्थनेचीही परीक्षा घेऊन झाली आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८७२ मध्येच हिशोब मांडला होता की राजासाठी सगळं राज्य दीर्घायुष्य मागतं, तरी राजे काही जास्त जगत नाहीत. सर्वांत काटेकोर प्रयोग २००६ साली हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने प्रसिद्ध केला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण, तीन गट. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत, प्रत्यक्ष प्रार्थना होवो वा न होवो, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं, ५२ आणि ५१ टक्के होतं. प्रार्थना होते आहे हे पक्कं सांगितलेल्या गटात ते ५९ टक्के निघालं. ‘माझी तब्येत इतकी बिघडली का, की माणसं देवाला साकडं घालताहेत?’ अशी धास्ती बसली असावी, असा एक तर्क पुढे आला. माझ्या मते या प्रयोगाने देवाबद्दल काहीच सिद्ध केलं नाही. अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेली प्रार्थना आणि उशाशी बसून, हात हातात घेऊन केलेली प्रार्थना या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र त्यातून नक्की दिसतं. पुस्तकातल्या परिचारिकांचे लेख या दुसऱ्या प्रार्थनेबद्दल आहेत.

या संशोधनातली पथ्याची शाखा आपल्या वाचकाला चटकन पटेल. कॅलिफोर्नियातले सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट तंबाखू-दारूला शिवत नाहीत, बरेच जण शाकाहारी असतात, शनिवारी शब्बाथ पाळून सक्तीने विसावा घेतात. २००१ च्या अहवालानुसार त्यांच्यातले पुरुष इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा सुमारे ७ वर्षं आणि स्त्रिया ४ वर्षांहून थोडं अधिक जगतात. पुण्याच्या औंधमधलं स्पायसर विद्यापीठ याच पंथाचं. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू-मटण सुटलेली माणसं आपण गावोगाव पाहिली आहेत. व्रत माणसाला सवयीशी बांधतं आणि सवय शरीर राखते. हे श्रेय एकट्या ख्रिस्ती धर्माचं नाही, आणि पुस्तकानेही तसा दावा केलेला नाही.

इथवरचं सगळं संशोधन एकच प्रश्न विचारतं: श्रद्धाळू माणसाला स्वतःला काय मिळतं? तो किती वर्षं अधिक जगतो, त्याचा रक्तदाब किती उतरतो? महाराष्ट्रात हा प्रश्न अपुरा पडतो. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. एवढ्याशा समाजाच्या श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या दवाखान्यांत कोण गेलं? बहुतांशी हिंदू, मुसलमान, जैन, आदिवासी. आपल्याकडे ख्रिस्ती श्रद्धेचा आरोग्यलाभ सर्वांत जास्त झाला तो ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला. मला या विषयात म्हणायचं आहे ते एवढंच, आणि हस्तलिखित वाचताना ते पानोपानी पटत गेलं.

याची मुळं फार मागे जातात. तिसऱ्या शतकातल्या साथीत रोमन साम्राज्यातली धडधाकट माणसं शहरं सोडून पळत असताना ख्रिस्ती मंडळ्या आजाऱ्यांपाशी थांबल्या. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की औषध नसतानाही नुसतं पाणी, पेज आणि उबदार पांघरूण मिळाल्याने पुष्कळ जीव वाचले असले पाहिजेत. चौथ्या शतकात बेझिलने कैसरियात आजारी, कुष्ठी आणि निराश्रितांसाठी वसतीच उभारली. आज ज्याला आपण रुग्णालय म्हणतो त्याच्या पूर्वजांत तिची गणना होते.

आपल्याकडची ठळक खूण मिरजेला आहे. विल्यम वॉनलेस हा कॅनेडियन डॉक्टर १८९४ च्या सुमाराला तिथे रुग्णालय उभं करतो, पाठोपाठ वैद्यकीय शिक्षण सुरू करतो, देशी मुलांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी देतो. क्षयाचं आरोग्यधाम उभं राहतं आणि त्या वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव पडतं. आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, कर्नाटकातून रुग्ण येतात. त्या व्यवसायाची पहिली वीट मिशनची. अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) साल्व्हेशन आर्मीचं बूथ रुग्णालय, वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स, नागपूरचं म्यूर मेमोरियल, नंदुरबारकडचं चिंचपाडा ही त्याच पिढ्यांची कामं. कोरोनात नगरकरांना बूथ रुग्णालय नव्याने आठवलं.

मिशनच्या दवाखान्यांत धर्मप्रसार होत असे. खाटेपाशी शुभवर्तमान वाचलं जाई, भिंतीवर वचनं असत. हे लपवण्यात अर्थ नाही, पुस्तकातल्या दोन लेखकांनीही लपवलेलं नाही. या वादाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंकडे दिसते. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना आधी खायला घातलं, मग अक्षर आणि काम शिकवलं. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी परवड झाली, तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड टीका केली. इंग्रज सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. १९०५ मध्ये त्याच मुक्तिसदनात जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन घडलं, रडणं, गाणं, तासन्‌तास प्रार्थना, त्याची नोंद आज जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात घेतली जाते. उद्ध्वस्त बालपण घेऊन आलेल्या शेकडो मुलींना मोठ्याने रडायची मुभा देणारी ती बहुधा पहिली जागा असेल. मानसिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण भाबडेपणाने नाही, पण आदराने वाचावं.

आणि मग जामखेड. या पुस्तकाचा कणा तोच आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं डॉक्टर जोडपं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना कळून चुकलं की बरे करून पाठवलेले रुग्ण त्याच आजाराने परत येताहेत. गावचं पाणी आणि ताटातलं अन्न तेच होतं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये दोघं जामखेडला आले. दुष्काळी तालुका, त्या भागात हजारी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. गावकऱ्यांनी दवाखाना मागितलाच नाही, पाणी आणि अन्न मागितलं. आरोळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. विहिरी आणि कूपनलिका घेताना जागा दलित वस्तीत निघेल अशी खटपट केली. पाण्यासाठी सवर्णांना तिकडे जावं लागलं आणि विटाळाची भाषा हळूहळू सैल पडली. मग गावोगावच्या निरक्षर, बहुतांशी दलित आणि परित्यक्ता बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाबावरचं साखर-मीठ-पाणी, बाळाचं वजन, कुष्ठरोगाचा पांढुरका चट्टा ओळखणं, सगळं त्या शिकल्या.

१९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्याची जी घोषणा केली, तिच्यामागे जामखेडसारखे प्रयोग आणि जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचा विचार होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघांनीही आपली प्रेरणा ख्रिस्ताची आहे हे कधी दडवलं नाही, पण ज्या सेविकांच्या जिवावर काम उभं राहिलं त्यांना धर्म बदलायला लावलं नाही. त्या सेविकांचं स्वतःचं काय झालं, हा मला या साऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. नवऱ्याने टाकलेली, मान वर न करणारी बाई गावच्या सभेत बोलू लागली. आत्मसन्मान ही आरोग्याची पायरी आहे, हे मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. जामखेडने ते पाण्याच्या रांगेत करून दाखवलं.

मनाची गोष्ट निघालीच आहे तर पनवेलहून घाट चढून लोणावळ्याला जायला हवं. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांची साधना संस्था तिथलीच. श्वास, मौन, शरीराची जाणीव असे पूर्वेकडचे मार्ग त्यांनी ख्रिस्ती ध्यानात आणले. त्यांच्या पश्चात, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली, तरी वाचक हटले नाहीत. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. व्यसनी माणसासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि बी. के. एस. अय्यंगारांची योगासनं त्यांनी एकत्र बांधली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र वेगळ्या वाटेने आलं, पण दोन्हीकडे सुरुवात एकाच वाक्याने होते: माझ्या एकट्याच्याने हे होत नाही. १९८६ मध्ये वांद्र्यातच शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं अंतिम-काळजी केंद्र उघडलं. बरं करता येत नाही अशा कर्करुग्णाची वेदना शमवणं, त्याला एकटं न सोडणं हे तिथलं काम. बरं होण्याच्या आशेवर उभ्या राहिलेल्या सगळ्या ‘आरोग्यदान’ सभांना या केंद्राने दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटतं.

कारण या विषयाला काळोखी बाजू आहे आणि ती पुस्तकाने टाळलेली नाही. ‘विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस’ हे वाक्य किती घरांत कितीदा उच्चारलं गेलं असेल. इन्सुलिन बंद करून उपवास-प्रार्थना, नैराश्याला सैतानाचं नाव, फिट येणाऱ्या मुलावर रात्रभर हात ठेवून आरडाओरडा. औषधावाचून रोग बरा करण्याच्या दाव्यांना १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्याने आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने चाप आहे. पण घरातल्या कुजबुजीला कायदा पोचत नाही. संशोधनही इथे सावध करतं. केनेथ पार्गामेंट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षं माग घेतला होता. देवाने मला टाकलं का, त्याचं माझ्यावर प्रेम आहे का, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे व्यासपीठावरून कोणता देव सांगितला जातो, हाही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. पाळकांनी हा भाग वगळून पुढे जाऊ नये.

या सगळ्याच्या मधोमध साधी लोकश्रद्धा आहे. वांद्र्याच्या मोत माऊलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं वाहणाऱ्यांत निम्मे तरी ख्रिस्ती नसावेत असं रांगेकडे पाहून वाटतं. गुडघेदुखीची बाई मेणाचा गुडघा वाहते आणि सोमवारी अस्थिरोगतज्ज्ञाकडेही जाते. तिला यात विसंगती वाटत नाही, मलाही वाटत नाही. शहाण्या डॉक्टराने तिला हसू नये, गोळ्या वेळेवर घेतेस ना, एवढंच विचारावं.

आज हे पुस्तक का, याचं कारण पुन्हा पनवेलमध्येच आहे. २०१६ मध्ये इथे महानगरपालिका आली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलच्या इमारतींत केरळ, तामिळनाडू, ईशान्य भारत, विदर्भ आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबं राहतात. शेजारचा कोण हे माहीत नसतं. दुकानांच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या सभागृहांत, शाळेच्या वर्गांत रविवारी चार भाषांत उपासना चालते. गाव सुटलेल्या माणसाला तिथे आपल्या बोलीत कुणीतरी ‘जेवलास का’ विचारतं. वृद्ध आईवडील मुलाकडे आलेले, सून-मुलगा पहाटेची लोकल पकडणारे, दिवसभर बंद फ्लॅट. अशा घरांना मंडळी जितकी उपयोगी पडते तितका क्वचितच एखादा दवाखाना पडेल. पण ती आपल्यापुरती राहिली तर अर्धीच उपयोगी. सील आश्रमाच्या गाडीत उचलून घेतलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं की तू कोणत्या मंडळीचा.

संपादकांनी लेखांची रचना कालानुक्रमे केलेली नाही, तेही बरं झालं. सलग वाचण्याचा आग्रह नको. डॉक्टरांनी आधी पाळकांचे लेख वाचावेत, पाळकांनी आधी मनोविकारतज्ज्ञांचे. सवयीच्या उलट वाचलं तर हे पुस्तक जास्त देईल. शरीरशास्त्राच्या काही पानांवर तणावाच्या संप्रेरकांची माहिती जरा दाट झाली आहे. वेळ नसेल तर ती पुढे ढकलावी. रुग्णांनी लिहिलेल्या साक्षी मात्र सोडू नयेत. त्यांतल्या काहींचा शेवट बरं होण्याने होत नाही, आणि त्या छापण्याचं धैर्य संपादकांनी दाखवलं आहे.

माझी एक सूचना त्यांनी मान्य केली, तिची नोंद करतो. शेवटच्या पानावर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापला आहे. ते पान कापून मंडळीच्या सूचनाफलकावर, रविवारच्या उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी लावता येईल एवढं रुंद ठेवलं आहे.